नळापासून झिऱ्यापर्यंत

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण शिर्डीला जाऊन आले असतील. रांगेत उभं राहून पाय दुखले असतील, मग बाहेर येऊन पेढे खाल्ले असतील. पण रामनवमीच्या सुमाराला पालखीबरोबर मुंबईहून चालत येणारी माणसं कधी पाहिली आहेत का? अडीचशे किलोमीटरच्या जवळपास रस्ता, कसारा घाट, डोक्यावर चैत्राचं ऊन! माझी भाची आणि भाचा माझ्याबरोबर होते. भाची नववीत, भाचा सातवीत. भाच्यानं अशाच एका काकांना विचारलं, "काका, एवढे दिवस चालता, तर पाणी किती बरोबर घेता?"

काका हसले. म्हणाले, "एक बाटली! ती संपली की पुढचं गाव. दर गावाला पाणपोई असते, लोक हाताला धरून पाणी पाजतात. पाण्याची कसली काळजी!"

आम्हीही तिथल्याच एका पाणपोईच्या नळाखाली बाटल्या भरत होतो. तेव्हा भाचीनं असा प्रश्न विचारला, की त्यापायी आम्ही चौघं चार दिवस डोंगरात हिंडलो. ती म्हणाली, "मामा, शिर्डीत तर नदी नाही. मग हे पाणी येतं कुठून?"

खरंच की! शिर्डी-कोपरगावकडे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा दुष्काळी पट्टा. इथं ऊस दिसतो, तो गोदावरीच्या कालव्यांमुळे. नाशिक जिल्ह्यात नांदूर-मधमेश्वरला गोदावरीवर बंधारा आहे, तिथून दोन कालवे निघतात. उजवा कालवा राहाता-शिर्डीकडे येतो. आणि बंधाऱ्यात पाणी कुठून येतं? बरंचसं दारणा नदीतून. या दारणेवर १९१६ साली पूर्ण झालेलं धरण आहे, आणि तिचा उगम थेट कळसूबाईच्या रांगेत, कुलंग किल्ल्याच्या बाजूला! त्याच डोंगरांच्या दुसऱ्या अंगाला रतनगडावर प्रवरा उगम पावते. ती भंडारदऱ्याला अडवली आहे, खाली निळवंड्याला पुन्हा अडवली आहे. निळवंड्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झालं, तेही शिर्डीतच.

म्हणजे बघा, अहिल्यानगर जिल्ह्याचं (आपण आधी अहमदनगर म्हणायचो) एक टोक कोरडं ठणठणीत, आणि दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीला पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस! शिर्डीच्या दहापट. भाचा म्हणाला, "मग तिथं तर पाणीच पाणी असेल!"

मलाही तसंच वाटत होतं.

ठरलं तर मग. रतनगडावर चढायचं, कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरायचं, तिथून पाचनई आणि मग हरिश्चंद्रगड. फेब्रुवारीच्या शेवटी जोडून सुट्ट्या आल्या होत्या. बरोबर माझे एक डॉक्टर मित्र आले. शिर्डीहून एस.टी.नं संगमनेर, तिथून अकोले-राजूर, पुढे शेंडी आणि जीपनं रतनवाडी. सगळं मिळून शंभर-सव्वाशे किलोमीटर. संध्याकाळी रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ पाहिलं. दगडावरचं काय ते कोरीवकाम! शेजारी बांधीव पुष्करणी आहे. देवळाबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन, आज पाण्याबद्दलच बोलू.

निघण्याआधी डॉक्टरकाकांनी मुलांना एक गणित घातलं. तुम्हीही करून बघा. उन्हात डोंगर चढणाऱ्या माणसाला दिवसाला पिण्यापुरतं साधारण तीन लिटर पाणी लागतं. भात-आमटीला, चहाला आणखी एक लिटर धरा. माणसं चार, दिवस चार. किती झालं? चौसष्ट लिटर! आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. चौसष्ट किलो पाठीवर घेऊन कोण चढणार? अन्न बरोबर नेता येतं, अंथरूण नेता येतं, पण पाणी मात्र वाटेतच मिळवावं लागतं. त्यामुळे लांबच्या भटकंतीत मुक्काम कुठं करायचा, दुपारी कुठं थांबायचं, हे सगळं पाणीच ठरवतं.

रतनगडाच्या शिड्या चढून आम्ही दुपारी वर पोचलो. मुलं आधी नेढ्याकडे पळाली. नेढं म्हणजे कड्याला आरपार पडलेलं मोठं भोक, सुईच्या नेढ्यासारखं. तिथं बसलं की वारा अंगातून जातो असं वाटतं, आणि खाली भंडारदऱ्याचा जलाशय चकाकत असतो. पण मला मुलांना दाखवायची होती ती टाकी.

आपल्या सह्याद्रीतले बहुतेक किल्ले काळ्या कातळाचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरांवर थर पसरत गेला, त्याचा हा दगड. काही थर घट्ट, काही भुसभुशीत, सच्छिद्र. पावसाचं पाणी भेगांतून झिरपत खाली जातं, घट्ट थर लागला की अडतं आणि आडवं वाहत जाऊन कुठंतरी कड्याच्या पोटातून बाहेर पडतं. जुन्या लोकांनी ही जागा हेरली आणि तिथंच कातळ कोरून टाकं केलं. काही टाकी नुसती पावसानं भरतात, ती मार्च-एप्रिलमध्ये तळाला जातात. पण ज्या टाक्याला आतून झरा आहे, ते मे महिन्यातही पाणी देतं. काही ठिकाणी टाकं आत, कातळाच्या पोटात कोरत नेतात आणि वरचं छत पडू नये म्हणून मध्ये खांब ठेवतात. त्याला खांबटाकं म्हणतात. आत ऊन शिरत नाही, पाण्याची वाफ होत नाही, शेवाळंही कमी धरतं. फ्रीज नव्हते तेव्हाची ही युक्ती!

टाकी कोरायची ही रीत किती जुनी? जुन्नर, नाशिक, कान्हेरीच्या लेण्यांत जे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत, त्यांत टाक्याला 'पोढी' असा शब्द आहे, आणि अमक्यानं हे टाकं दान दिलं असं कोरलेलं आहे. मला मात्र पालखीतल्या त्या काकांची आठवण झाली. पाणपोईच ही! फक्त घालणारा दोन हजार वर्षांपूर्वीचा.

रात्री गुहेत मुक्काम केला. सकाळी टाक्यातून पाणी भरताना मी एक चूक केली. ती सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही.

रतनवाडीत एकजण वाटाड्या म्हणून यायला तयार होते. मी म्हटलं, कशाला? मोबाईलमध्ये नकाशा आहे. नकाशात कात्राबाईच्या खिंडीच्या अलीकडे-पलीकडे मिळून चार ओढे दिसत होते, छान निळे. मग ओझं कशाला वाढवायचं? माणशी दीड लिटर, म्हणजे चौघांत सहाच लिटर पाणी घेऊन आम्ही निघालो.

पहिला ओढा आला. गोटेच गोटे! दुसरा ओढा आला. तिथं वाळकी पानं. मोबाईलच्या नकाशाला फेब्रुवारी आणि ऑगस्ट यांतला फरक कळत नाही, त्याच्या लेखी सगळे ओढे निळेच. आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने कागदी नकाशे या बाबतीत शहाणे. त्यांत बारमाही पाणी निळ्या रंगात दाखवतात आणि उन्हाळ्यात आटणारे ओढे काळ्या रेघेनं. तो नकाशा माझ्या घरी कपाटात होता!

खिंडीत पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते आणि चौघांत मिळून एक बाटली उरली होती. भाचा गप्प झाला. एरवी तो गप्प होत नाही. भाची म्हणाली, "मामा, आपण एकेक घोटच पिऊ या, उरलेलं संध्याकाळला ठेवू."

डॉक्टरकाका म्हणाले, "नाही. तहान लागली की प्यायचं. भरलेली बाटली जवळ असून माणूस चक्कर येऊन पडला, तर त्या पाण्याचा उपयोग काय? बचत करायची ती घामाची. सावलीत बसा, डोक्याला रुमाल बांधा, खारे दाणे आत ठेवा. ऊन कलल्यावर उतरू."

मग एका झाडाखाली दोन तास बसून राहिलो. खरं सांगतो, त्या दोन तासांत मला फार भीती वाटली होती. दुसऱ्याची मुलं बरोबर आणली होती ना! ऊन उतरल्यावर निघालो. आता चौघंही पाण्याच्या खुणा शोधत होते. गुरांच्या बारीक पायवाटा एकमेकींना मिळत खाली जातात, तिकडं बहुधा पाणी असतं. ओढ्याच्या वळणावर उंबर किंवा जांभूळ हिरवंगार दिसलं की समजावं, मुळांना ओल लागते आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात 'बृहत्संहिता' लिहिली, तिच्यात जमिनीखालचं पाणी ओळखायचं एक अख्खं प्रकरण आहे, आणि त्यात कुठलं झाड, कुठलं वारूळ असल्या खुणाच खुणा आहेत. पण खूण म्हणजे खात्री नव्हे. आम्हाला भेटलेल्या पहिल्या उंबराखाली ओलसुद्धा नव्हती.

दुसऱ्या उंबराजवळ मात्र माणसांचे आवाज आले.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात हातभर खोल खड्डा केला होता, कडेनं दगड लावले होते. हा झिरा. वरून ओढा आटला तरी वाळूखालून पाणी सरकत असतं, ते अशा खड्ड्यात हळूहळू जमतं. काठावर एक आजी बसल्या होत्या, त्यांची सून आणि भाचीएवढी एक मुलगी. तिघींत तीन हंडे. आजी वाटीनं पाणी घेऊन हंड्याच्या तोंडाशी धरलेल्या फडक्यातून ओतत होत्या. चार-पाच वाट्या झाल्या की थांबायचं, पाणी पुन्हा जमू द्यायचं.

भाच्यानं गळ्यातला रुमाल काढला आणि तो झिऱ्यात बुडवायला पळालाच. सून ओरडली, "अय पोरा! थांब, थांब!"

तो घाबरून उभा राहिला. आजी म्हणाल्या, "वरडू नगं गं. तहानलंय त्ये." मग आम्हाला म्हणाल्या, "प्या की बाबा. पोटभर प्या. पन त्यात हात न्हाई घालायचा, काय धुवायचं न्हाई. ह्येच प्यायचं पानी हाय आमचं."

मी विचारलं, "मावशी, एक हंडा भरायला किती वेळ लागतो?"

"आता अर्धा तास. होळीनंतर घंटा लागतो."

आम्ही पाणी प्यायलो. काय सांगू तुम्हाला! मग आमच्या रिकाम्या बाटल्या पिशवीतून बाहेर काढणार, तोच भाचीनं माझी बाही ओढली. हळूच म्हणाली, "मामा, हंडा पंधरा लिटरचा धरला, तर एक लिटरला दोन मिनिटं. आपण आठ लिटर भरलं तर सोळा मिनिटं. म्हणजे त्यांचा अर्ध्याहून जास्त हंडा गेला."

गणितात तिला पंचावन्न मार्क मिळतात, बरं का!

कुमशेत गाव तासाभरावर होतं. आम्ही माणशी अर्धा लिटर घेतलं, चौघांत दोन लिटर. तेवढंच लागणार होतं. मग भाचा झिऱ्याशी बसला आणि उरलेला हंडा त्यानं वाटी-वाटीनं भरून दिला. त्याला एरवी घरी उठून पाण्याचा तांब्या आणायचा कंटाळा. गावात जाताना एक हंडा मी उचलू म्हटलं, तर आजी हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यानं सांडंल." खरंच होतं ते. त्या चढावर माझ्या हातून अर्धा सांडलाच असता.

रात्री गावात एका घरी मुक्काम होता. जेवताना मी मुलांचाच प्रश्न विचारला. इथं एवढा धो धो पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठं? घरचे दादा म्हणाले, "जातं की तुमच्याकडंच!" उतार तीव्र, खाली कातळ, माती हातभर. चार महिने पडलेलं पाणी तसंच धावत मुळेला मिळतं, प्रवरेला मिळतं, पुढे धरणात अडतं. धरणं खाली, वाड्या वर. पाणी आपणहून चढत नाही. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये या भागातल्या कितीतरी वाड्यांतल्या बायकांना असंच दूर दूर जावं लागतं. भाचा ऐकत होता. मध्येच म्हणाला, "म्हणजे पाणपोईवर आपण प्यायलो, ते पाणी इथल्याच डोंगरांचं?" अगदी याच ओढ्याचं नाही, पण याच डोंगरांचं. ताटात हात धुवायचं पाणी त्यानं जरा जपूनच ओतलं.

आजींचं ते फडकं आठवतं ना? तीन पदरी होतं. पूर्वी न गाळलेल्या पाण्यातून नारू नावाचा रोग व्हायचा. पाण्यातल्या बारीक किड्यांतून त्याची अळी पोटात जायची आणि वर्षभरानं पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा! तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी पाहिला असेल. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली सापडला आणि २००० साली आपला देश नारूमुक्त जाहीर झाला. त्यात औषधापेक्षा साध्या फडक्याचं काम मोठं. पण फडक्यानं जंतू अडत नाहीत, आणि तुरटीनं गाळ तळाला बसतो, जंतू मरत नाहीत. डॉक्टरकाकांचा नियम सोपा होता. आधी गाळायचं, मग उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळू द्यायचं. सरपण नसेल तर क्लोरीनचे थेंब घालून अर्धा तास थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचंच, घड्याळ लावून!

तिसऱ्या दिवशी पाचनई गाठून हरिश्चंद्रगड चढलो. या वेळी वाटाड्या दादा बरोबर होते. गडावर पाणी मुबलक दिसतं. देवळाजवळ सप्ततीर्थ पुष्करणी आहे, आणि थोडं खाली केदारेश्वराच्या गुहेत तर भलंमोठं शिवलिंग कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात उभं आहे. त्याच्या चार खांबांपैकी एकच अखंड राहिला आहे. भाचा बाटली घेऊन पुष्करणीकडे निघाला, तर दादांनी हाक मारली. "ते नाही बाळा. प्यायचं हिकडं." आणि कातळात कोरलेल्या एका साध्याशा टाक्याकडे नेलं. एवढं पाणी समोर असूनही पिण्याजोगं तेवढंच! कुठलं टाकं पिण्याचं, कुठलं वापरायचं, हे कुठल्याच नकाशात नसतं. ते गावातल्या माणसांना ठाऊक असतं. कोणी पिण्याच्या टाक्यात पाय सोडून बसलं तर तेही संपलं. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा रात्री त्या पाण्यावर आणखी कोण कोण येत असेल!

परदेशातल्या डोंगरांची गोष्ट आणखी वेगळी. हिमालयात किंवा युरोपातल्या आल्प्स पर्वतात ओढे वितळणाऱ्या बर्फावर चालतात, म्हणून सकाळी जो ओढा उडी मारून ओलांडता येतो, तो दुपारी गुडघ्याच्या वर चढतो. आल्प्समधल्या कुंडांवर पाणी पिण्याचं नसेल तर तशी पाटी लावलेली असते. आपल्याकडे पाटीच्या जागी दादा आणि आजी.

भाचीनं या चार दिवसांत एक वही केली. प्रत्येक पाण्याचं नाव, तारीख, किती खोल, पिण्याचं की वापरायचं, आणि कोणी सांगितलं. तारीख महत्त्वाची. "तिथं पाणी आहे" असं कोणी म्हटलं, तर आधी विचारा, कुठल्या महिन्यात? नोव्हेंबरचं उत्तर मार्चमध्ये चालत नाही.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा, तेव्हा बहुतेक ओढ्यांना पाणी असतं. वाटाड्या गावातलाच घ्या, त्याची मजुरी आधी ठरवा आणि पुरती द्या. माणशी तीन लिटर पाणी प्रत्येक मुक्कामावरून भरूनच निघा, नकाशा काहीही म्हणो. आणि एक पातळ सुती फडकं खिशात ठेवा.

भाचीच्या वहीतली कुमशेतची नोंद तिनं लिहिली तशीच देतो: "झिरा, उंबराखाली. फेब्रुवारीचा शेवट. हातभर खोल. एक लिटरला दोन मिनिटं. आजींनी सांगितलं, होळीनंतर चार मिनिटं."